टोकन परत जोडून सोर्स कोड कसा काढायचा, मोकळी जागा आणि कमेंट न घालवता

सावदा, फैजपूर, रावेर पट्ट्यात केळीच्या व्यापाऱ्यांकडे पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा हिशोबाचा कागद) छापायची जी छोटी सॉफ्टवेअरं असतात ती बहुतेक इथल्याच कोणत्यातरी पोरानं लिहिलेली असतात, मग तो पोरगा नोकरीला पुण्याला जातो आणि मागे राहतो त्याचा कोड आणि त्यातल्या कमेंटा. या कमेंटा लई मोलाच्या असतात भो. हमाली कोणाच्या नावावर टाकायची, तोलाई कधी कापायची, तूट किती धरायची, हे दुसरीकडे कुठंच लिहिलेलं नसतं. तर समजा अशा कोडमध्ये तुम्हाला एकच काम करायचंय, सगळ्या फायलींमध्ये तूट या व्हेरिएबलचं नाव वजनतूट करायचं. फाइंड-रिप्लेस मारलं तर कमेंटमधली तूट पण बदलणार आणि पट्टीवर छापायच्या स्ट्रिंगमधली पण बदलणार, मग शेतकऱ्याच्या हातातल्या कागदावर भलतंच काहीतरी येणार. म्हणून योग्य रस्ता म्हणजे कोडचे टोकन करा (टोकन म्हणजे कोडचा एकेक सुटा तुकडा: नाव, आकडा, चिन्ह, स्ट्रिंग, कमेंट), फक्त नाव प्रकारचे टोकन बघा, जे बदलायचं ते बदला आणि टोकनांवरून परत कोड लिहा.

पहिला अर्धा भाग सोपा आहे, टोकन पाडणारा प्रोग्राम, लेक्सर म्हणा स्कॅनर म्हणा, तो सगळीकडे तयार मिळतो. अडतं ते दुसऱ्या अर्ध्यात, परत लिहिताना. आणि त्याबद्दल मराठीत नीट लिहिलेलं पोरांना सापडत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी हे बघा. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत ठेवता येतात, म्हणून उदाहरण सरळ मराठीतच घेतो, ही ओळ पायथॉनमध्ये जशीच्या तशी चालते:

एकूण = (वजन - तूट) * भाव  # हमाली वेगळी

याचे टोकन पडतात असे: एकूण, मग बरोबरचं चिन्ह, मग उघडा कंस, वजन, वजाबाकी, तूट, बंद कंस, गुणाकार, भाव, मग कमेंट, मग ओळ संपल्याचं टोकन. यात मोकळ्या जागा कुठंच नाहीत. बहुतेक लेक्सर मोकळी जागा वाचतात आणि सोडून देतात कारण पुढे पार्सरला (टोकनांवरून वाक्यरचना ओळखणाऱ्या भागाला) तिची गरज नसते. केळीच्या घडाच्या फण्या सुट्या केल्या की दांडा फेकून देतात, आणि मग कितीही फण्या समोर असल्या तरी तोच घड परत बांधता येत नाही, तसंच हे आहे, टोकनांमधली जागा म्हणजे तो दांडा. कोडमध्ये माणसानं कुठं एक ओळ मोकळी सोडली, कुठं दोन बरोबरची चिन्हं एकाखाली एक आणली, हे सगळं त्या जागेतच असतं. म्हणून परत कोड लिहायचा असेल तर सुरुवातीलाच ठरवा की ही जागा कुठं सांभाळून ठेवणार. नंतर ठरवून उपयोग नाही.

पायथॉनची स्वतःची सोय आधी समजून घेऊ. टोकनाइज नावाचं मॉड्यूल सोबतच येतं, त्यातलं टोकनाइज फंक्शन प्रत्येक टोकनासाठी पाच गोष्टी देतं: प्रकार, मजकूर, कुठं सुरू (ओळ आणि रकाना), कुठं संपलं, आणि ती अख्खी ओळ. ओळी १ पासून मोजतात, रकाने ० पासून. आणि अनटोकनाइज नावाचं फंक्शन हे सगळं घेऊन परत कोड लिहून देतं. वरच्या ओळीत एकूण ० पासून ४ पर्यंत, तूट १४ पासून १७, भाव २१ पासून २४, आणि कमेंट २६ ला सुरू. म्हणजे भाव संपल्यावर दोन जागा सोडून कमेंट आहे हे त्या आकड्यांवरूनच कळतं आणि अनटोकनाइज तेवढ्या जागा भरतं.

पण याच फंक्शनला तुम्ही पाचऐवजी दोनच गोष्टी दिल्या, म्हणजे नुसता प्रकार आणि मजकूर, तरी ते चालतं, आणि नेमकं इथंच पोरं फसतात कारण एरर येत नाही. बाहेर येतं ते असं:

एकूण =(वजन -तूट )*भाव # हमाली वेगळी

दोन गोष्टींवर काम करताना ते प्रत्येक नावामागे आणि आकड्यामागे एक जागा टाकतं, बाकीचं चिकटवतं. कोड म्हणून हे बरोबर आहे, चालेल, परत टोकन केले तर प्रकार आणि मजकूर तेच मिळतील, आणि मॉड्यूल हमी देतं ती तेवढीच, जागांची हमी ते देत नाही. पण हा कोड तुम्ही कोणाला वाचायला द्याल का? आणि गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकला तर डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्याच्या फरकात, अख्खी फाईल लाल-हिरवी, एका नावाचा बदल कुठंय हे शोधणारा वैतागून जाईल. अजून एक, पाच गोष्टींच्या टोकनांमध्ये मधेच एखादं दोन गोष्टींचं टोकन घुसलं तर तिथून पुढची सगळी फाईल या चिकट पद्धतीनं लिहिली जाते. फाईलचा वरचा भाग सुंदर आणि एका ठिकाणापासून खाली सगळं असं दाटलेलं दिसलं तर पहिला संशय यावरच घ्या.

मग नाव बदलायचं कसं? टोकन हे नेम्ड टपल (प्रत्येक भागाला नाव दिलेली यादी) असतं, त्याच्या रिप्लेस मेथडनं (नावाआधी एक अंडरस्कोर असतो) फक्त मजकूर बदला आणि सुरू-संपलं हे आकडे जुनेच राहू द्या. वाटतं की नाव तीनाचं सहा अक्षरी झालं तर आकडे पण सरकवायला पाहिजेत, पण नको. अनटोकनाइज आधीच्या टोकनाचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात यांच्यातला फरक मोजून तेवढी जागा टाकतं, मजकुराची लांबी ते बघतच नाही. जुने आकडे ठेवले की जुनी मोकळी जागा आपोआप मिळते. उलट तुम्ही हुशारीनं एकाच टोकनाचा शेवट पुढे सरकवला आणि बाकीचे तसेच ठेवले तर पुढचं टोकन मागच्याच्या आधी सुरू होतंय असं म्हणून व्हॅल्यू एरर येतो. नवीन टोकन मधे घालायचं असेल तर त्याचं सुरू आणि संपलं दोन्ही मागच्या टोकनाच्या शेवटावर ठेवा, आणि त्याच्या आधीची मोकळी जागा त्याच्या मजकुरातच लिहा. दिसायला जुगाड आहे पण काम चोख होतं.

आता एवढं करूनही काही गोष्टी हरवतात हे माहिती असू द्या. दोन टोकनांमध्ये टॅब असेल तर त्या जागी साधी स्पेस येते, एका टॅबला एक. ओळ पुढच्या ओळीवर चालू ठेवायला उलटा तिरपा (बॅकस्लॅश) लावतात त्याचं टोकनच नसतं, ओळ बदललेली दिसली की अनटोकनाइज तो स्वतःहून टाकतं, पण त्याच्या आधीची स्पेस बऱ्याच आवृत्त्यांमध्ये जाते. फाईलच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग सांगणारी न दिसणारी खूण) असेल, नोटपॅडवाल्या जुन्या फायलींना असतो, तर तो पण जातो. आणि एफ-स्ट्रिंगमध्ये (महिरपी कंसात व्हेरिएबल घालता येतं ती स्ट्रिंग) दुहेरी महिरपी कंस असतो तो ३.१२ पासून टोकनाच्या मजकुरात एकेरी होऊन येतो, परत लिहिताना दुहेरी करावा लागतो, अनटोकनाइज ते करतं पण तुम्ही स्वतः मजकूर जोडत बसलात तर विसराल.

म्हणून माझं म्हणणं असंय की मूळ फाईल हाताशी असेल तर अनटोकनाइजच्या भरवशावर राहूच नका. मूळ मजकूर हातात धरा आणि टोकन फक्त कुठं बदल करायचा हे दाखवणारी बोटं म्हणून वापरा. पद्धत ही:

शेवट = ०
प्रत्येक टोकनासाठी:
    मधलं = मूळ[शेवट : टोकनची सुरुवात]
    मधलं लिहा
    टोकन बदललं असेल तर नवा मजकूर लिहा
    नाहीतर मूळ[टोकनची सुरुवात : टोकनचा शेवट] लिहा
    शेवट = टोकनचा शेवट
सगळं झालं की मूळ[शेवट : ] लिहा

यात मधलं म्हणजे दोन टोकनांमधलं जे काही असेल ते, स्पेस, टॅब, उलटा तिरपा, लेक्सरनं टाकून दिलेली कमेंट, सगळं. तुम्हाला ते काय आहे हे कळायची पण गरज नाही, उचललं आणि ठेवलं. न बदललेल्या टोकनाचा मजकूर टोकनातून घेऊ नका, मुळातूनच कापून घ्या, म्हणजे दुहेरी कंसाची भानगड पण संपली. शेवटची ओळ विसरू नका, शेवटच्या टोकनानंतर पण फाईलमध्ये काही असू शकतं.

पायथॉनसाठी हे करताना ओळ-रकान्यावरून मुळातली जागा काढावी लागते, त्यासाठी आधी प्रत्येक ओळ मुळात कितव्या अक्षरावर सुरू होते त्याची यादी बनवून ठेवा, मग यादीतला आकडा अधिक रकाना, झालं. दोन प्रकारचे टोकन मात्र सरळ वगळा. एक, सगळ्यात पहिलं एन्कोडिंगचं टोकन, त्याचा मजकूर यूटीएफ-८ असा असतो पण फाईलमध्ये ते कुठंच नसतं, लिहिलं तर कोडच्या पहिल्याच ओळीच्या डोक्यावर येऊन बसेल. दोन, ज्यांचा मजकूर रिकामा आहे ते सगळे, म्हणजे डेडेंट (ओळ परत डावीकडे आल्याची खूण), फाईल संपल्याचं टोकन, आणि शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल तर लेक्सर स्वतःच्या मनानं जे ओळशेवटाचं टोकन घालतो ते.

आता आपल्या लिपीचा विषय, आणि हा इंग्रजी नावं वापरणाऱ्यांना कधी लागत नाही म्हणून त्यांच्या माहितीत सहसा नसतो. पायथॉन ३.११ पर्यंत टोकनाइज मॉड्यूल रेग्युलर एक्सप्रेशनवर (मजकुरातला नमुना शोधायच्या पद्धतीवर) चालायचं, आणि पायथॉनच्या रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये शब्दातलं अक्षर म्हणून जे धरतात त्यात काना-मात्रा-वेलांटी येत नाही. म्हणून एकूण या नावाचे तीन तुकडे पडायचे: ‘एक’ हे नाव, मग नुसता दीर्घ ऊकार हा चुकीचा टोकन म्हणून, मग ण हे दुसरं नाव. वजन मात्र अख्खं यायचं कारण त्यात मात्राच नाही! कोड चालवला की नीट चालायचा, कारण कोड चालवणारा आतला सी भाषेतला लेक्सर वेगळा होता, फक्त हे मॉड्यूल चुकायचं. त्यामुळे ३.११ वर तूट शोधणारा प्रोग्राम लिहिला तर त्याला एकही तूट सापडत नाही आणि एररही येत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात आलेल्या ३.१२ पासून मॉड्यूल पण तोच सी वाला लेक्सर वापरतं, तिथं मात्रा नीट धरल्या जातात. तर देवनागरी नावांवर काम करायचंय तर ३.१२ किंवा पुढचंच घ्या, जुन्यावर वेळ घालवू नका. बदल्यात एक गोष्ट गेली, एका ओळीतली न मिटलेली स्ट्रिंग आता थेट एरर देते, आधी चुकीचा टोकन देऊन पुढे जायचं.

रकाने मोजताना पण सांभाळा. डोळ्याला एकूण तीन अक्षरी दिसतं, युनिकोडमध्ये ते ४ आहे, यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट. टोकनाइज युनिकोडची अक्षरं मोजतं, पण पायथॉनचंच एएसटी मॉड्यूल (कोडच्या रचनेचं झाड बनवणारं) बाइट मोजतं. आपल्या वरच्या ओळीत भाव हे टोकनाइजच्या हिशोबानं २१ व्या रकान्यात आणि एएसटीच्या हिशोबानं ४१ व्या रकान्यात. दोघांचे आकडे एकत्र वापरले की मराठी कोडची वाट लागते, आणि इंग्रजी नावांच्या फायलींवर टेस्ट केलेलं असेल तर सगळं हिरवं दिसत राहतं. एएसटीचे आकडे वापरायचेच असतील तर मूळ फाईल पण बाइट म्हणूनच कापा.

अजून एक, शेतकऱ्याचं_देणं असं नाव घ्या. यातला ऱ्या लिहायच्या दोन पद्धती कीबोर्डावर चालतात, एक ऱ हे वेगळं अक्षर वापरून, दुसरी साधा र, हलंत आणि शून्य रुंदीचा जोडक वापरून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच. पण तो जोडक नावात पायथॉनला चालत नाही, न दिसणारं अक्षर आहे म्हणून एरर देतो. स्ट्रिंगमध्ये आणि कमेंटमध्ये मात्र तो चालतो आणि तिथला काढायचा नाही, पट्टीवरचं छापलेलं अक्षर बदलेल. म्हणून कोणी सगळ्या फाईलवरून जोडक साफ करणारी स्क्रिप्ट दिली तर आधी टोकनचा प्रकार बघा, तिथंच टोकनाचा खरा उपयोग आहे. तसंच ऱ हे अक्षर एका कोडनं पण लिहिता येतं आणि र अधिक खालचा नुक्ता असं दोन कोडनं पण, पायथॉन चालवताना दोन्ही नावं एकच मानतो, टोकनचा मजकूर मात्र जसा टाइप केला तसाच मिळतो. नाव जुळतं का बघताना दोन्ही बाजू एकाच रूपात आणून तुलना करा, पण फाईलमध्ये परत लिहिताना जे होतं तेच ठेवा. आणि देवनागरी आकडे नावाच्या मधे-शेवटी चालतात, भाव२ हे नाव म्हणून ठीक आहे, पण नुसता २ संख्या म्हणून कोडमध्ये चालत नाही.

बाकी भाषांचं थोडक्यात. पीएचपीवाले सुखी आहेत, त्यांचं टोकन गेट ऑल फंक्शन मोकळ्या जागेचं आणि कमेंटचं पण टोकन देतं, सगळे मजकूर एकामागे एक जोडले की मूळ फाईल मिळते, फक्त लक्षात ठेवा की काही टोकन ॲरे म्हणून येतात आणि एकअक्षरी चिन्हं नुसती स्ट्रिंग म्हणून. पीएचपी ८ मधला पीएचपी टोकन क्लास वापरला तर हा फरक पण राहत नाही. सी शार्पच्या रॉझलिन या कंपायलरमध्ये जागा आणि कमेंटा ट्रिव्हिया म्हणून टोकनालाच चिकटवून ठेवतात, टोकनानंतर त्याच ओळीवर जे असेल ते त्याचं, पुढच्या ओळीपासूनचं पुढच्या टोकनाचं. स्वतःची छोटी भाषा बनवत असाल तर माझा सल्ला हाच राहील की रॉझलिनसारखं करा.

आता अवघड केस, मूळ फाईलच नाही, फक्त टोकन आहेत. मॅक्रो उलगडून आले, किंवा प्रोग्रामनंच कोड तयार केला. तिथं मूळ जागा परत आणायचा प्रश्नच नाही, पण अर्थ बदलता कामा नये. दोन टोकन चिकटवल्यावर लेक्सरला ते तेच दोन दिसतात का, हा एकच प्रश्न विचारायचा, नाही दिसले तर मधे स्पेस टाका. दोन नावं शेजारी आली तर उघडच आहे. पण सी मध्ये दोन वजाबाक्या चिकटल्या की एक कमी करायचं चिन्ह होतं, भागाकाराच्या लगेच पुढे पॉइंटरची चांदणी चिकटली की कमेंट सुरू होते आणि पुढचा कोड गायब. जीसीसी हा सी चा कंपायलर सुद्धा प्रीप्रोसेसरचं (मॅक्रो उलगडणाऱ्या टप्प्याचं) आउटपुट छापताना याच्यासाठी वेगळी तपासणी करतो. आणि जोडीजोडीनं तपासून पण पूर्ण भागत नाही, सी मध्ये दोन टिंबं चिकटून दोनच टोकन राहतात पण तिसरं आलं की तीन टिंबांचं एकच टोकन होतं. जावास्क्रिप्टमध्ये ओळ कुठं तुटली याला अर्थ असतो, रिटर्नच्या पुढे एंटर पडला तर तिथंच वाक्य संपतं, म्हणून तिथं प्रत्येक टोकनाबरोबर याच्याआधी नवी ओळ होती का नव्हती एवढी खूण तरी ठेवाच.

एक जुना प्रकार पण सांगून ठेवतो कारण विषय तोच आहे. १९८४ च्या सुमारास सरकारच्या क्लास योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले होते. त्याचं बेसिक ओळ टाइप करून एंटर मारला की लगेच तिचे टोकन करायचं आणि फाईलही तशीच साठवायचं, प्रिंट या शब्दाच्या जागी २४१ हा एकच बाइट. लिस्ट केलं की परत शब्द. प्रत्येक ओळीची सुरुवात १३ या बाइटनं, मग ओळ नंबरचे दोन बाइट, मोठा आधी, मग ओळीची लांबी. अशी फाईल वाचायची तर टेबल बघून बाइटच्या जागी शब्द ठेवत जायचं, पण अवतरणातल्या मजकुराला हात लावायचा नाही, आणि गोटूच्या पुढचा ओळ नंबर १४१ हा बाइट आणि त्यानंतरचे तीन बाइट असा वेगळ्या पद्धतीनं बांधलेला असतो तो सोडवायचा. कोणी प्रिंट ऐवजी पी आणि टिंब असं आखूड लिहिलं असेल तर ते परत मिळत नाही, पूर्ण शब्दच मिळतो, कारण ओळ आत घेतानाच ते गेलं.

शेवटी तपासणी, आणि ही कोणी टाळू नका. दोन तपासण्या लावा. पहिली, काहीही न बदलता फाईलचे टोकन करा, परत लिहा, आणि मूळ फाईलशी बाइट-बाइट जुळवा. स्क्रीनवर वाचून जुळवू नका, टॅब आणि जोडक दिसत नाहीत, विंडोजचा दोन अक्षरी ओळशेवट पण दिसत नाही. फाईल उघडताना पायथॉन तो ओळशेवट स्वतःच बदलून टाकतो, म्हणून बाइट मोडमध्ये उघडा नाहीतर न्यूलाइन हा पर्याय रिकामी स्ट्रिंग द्या. दुसरी, बदल केल्यावर नव्या फाईलचे परत टोकन करा आणि जुन्या यादीशी लावून बघा, प्रकार सगळे तेच पाहिजेत, मजकूर फक्त तुम्ही बदललेल्या ठिकाणी वेगळा पाहिजे, टोकनांची संख्या तीच पाहिजे. टेस्टला फायली कुठून आणायच्या हा प्रश्न असेल तर पायथॉनसोबत येणारी सगळी स्टँडर्ड लायब्ररी आहेच तुमच्या मशीनवर, तिच्यावरून फिरवा, पण तेवढ्यावर थांबू नका, त्यात मराठी नावं नाहीत. स्वतःची एक फाईल बनवा ज्यात मात्रेची नावं, ऱ्या, टॅब, उलटा तिरपा, दुहेरी कंस असलेली एफ-स्ट्रिंग, आणि शेवटच्या ओळीनंतर एंटर नाही, असं सगळं असेल. पहिली तपासणी एका जरी फाईलवर फसली तर ती फाईल बाजूला काढा, कोणत्या बाइटला फरक सुरू होतो ते बघा, आणि तोपर्यंत व्यापाऱ्याच्या खऱ्या कोडवर स्क्रिप्ट चालवू नका.